इलेक्ट्रिक गाडीचं सस्पेंशन बदलावं का? माझं मत: बदलावं

सुरूर फाटा (धागाकर्ता)

मंडळी, आधी गाऱ्हाणं, मग मत.

गाडी इलेक्ट्रिक एसयूव्ही, साडेतीन वर्षं जुनी, ४६ हजार किलोमीटर झालेली. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, नाहीतर धाग्याचं कुरुक्षेत्र होतं. दर पंधरवड्याला धायरी ते वाई अशी फेरी असते. सोबत आई, वय ७१, कमरेच्या मणक्यात गॅप. खंबाटकी उतरून सुरूर फाट्याला आत वळलं की तिचा एक हात खिडकीवरच्या हँडलला आणि दुसरा कमरेवर. गेल्या खेपेला म्हणाली, "तुझ्या बाबांची अँबॅसिडर बरी होती रे, पोटातलं पाणी हलत नव्हतं." सोळा लाखांच्या गाडीला अँबॅसिडरचा टोमणा! चार दिवस झोप लागली नाही.

महामार्गावर तक्रार शून्य. नव्वदला गाडी रुळावरून चालल्यासारखी जाते. पण तीस-चाळीसच्या वेगात डांबराची ठिगळं, गटारांची झाकणं, रम्बलरच्या पट्ट्या, एकूण एक मोजता येतात. डोळे मिटून. सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं: "सर, ईव्हीचं सस्पेंशन थोडं हार्डच असतं."

बाहेरून कोटेशन घेतलं. चारही शॉकअप (दणके जिरवणाऱ्या नळकांड्या), पुढे-मागे थोड्या मऊ स्प्रिंगा, नवीन माउंट आणि अलाइनमेंट धरून ८४ हजार. माझं मत असं की करून टाकावं. कंपनी गाडी बसवते ती पाच माणसं आणि डिकीभर सामान धरून. माझ्या गाडीत दहातल्या नऊ वेळा दोनच माणसं असतात. म्हणजे मी न वापरलेल्या वजनाची शिक्षा आईची कंबर भोगते. लोक स्पीकरवर लाखभर घालतात, सनरूफसाठी दीड लाख जास्त मोजतात आणि मग आयुष्यात चारदा उघडतात. मग बुडाखालच्या चार नळकांड्यांवर खर्च केला की तेवढा वेडेपणा कसा?

विरोध करणार असाल तर जरूर करा, फक्त "कंपनीच्या इंजिनिअरांना अक्कल नाही का" एवढ्यावर थांबू नका.

चेसिसवाला

विरोध. आणि अक्कल वगैरे न काढता करतो. चाकण पट्ट्यात बरीच वर्षं याच कामात घालवली आहेत.

"बॅटरी जड म्हणून गाडी कडक" हे अर्धवट खरं आहे. हजार किलोच्या गाडीला जी स्प्रिंग लागते, तिच्या १.४ पट कडक स्प्रिंग चौदाशे किलोच्या गाडीला घातली, तर दोन्ही गाड्या झुलतात तेवढ्याच लयीत, साधारण सेकंदाला सव्वा ते दीड हेलकावे. उलट जड अंगाला खड्ड्याचा दणका कमी लागायला हवा, कारण चाक, ब्रेक, नकल (चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग) यांचं वजन अंगाच्या मानाने कमी पडतं. मग कडक का वाटते? बॅटरी पोटाखाली असते, तिला दगड लागू द्यायचा नाही म्हणून चाकाला वर यायला जागा आखडती ठेवतात आणि बंप स्टॉपचं रबर, म्हणजे चाकाची वर यायची शेवटची हद्द, लवकर लागतं. दुसरं, रेंजसाठी कमी घर्षणाचे टायर आणि त्यात ठासून हवा. तिसरं लोक विसरतात: इंजिन नाही. डिझेलच्या घरघरीत जी खडखड लपून जायची ती इथे थेट कानावर येते, आणि कान व कंबर यांची मिलीभगत असते.

आता तुमच्या कोटेशनकडे. शरीर सगळ्यात हळवं असतं ते सेकंदाला ४ ते ८ या लयीतल्या उभ्या हादऱ्यांना; आयएसओ २६३१ या मानकातही जास्तीत जास्त भार याच पट्ट्यावर आहे. ताशी ३६ म्हणजे सेकंदाला १० मीटर. दर दोन मीटरला ठिगळ असेल तर सेकंदाला पाच दणके. तुमच्या मातोश्रींची कंबर नेमकी इथे सापडते. या हादऱ्यात टायरचा आणि शॉकअपच्या आतल्या व्हॉल्व्हचा हात मोठा. स्प्रिंग दहा टक्के मऊ करून इथे फारसं काही हाती लागत नाही. मात्र गाडी खाली नक्की बसेल. स्प्रिंगची मोकळी (वजन नसतानाची) लांबी तीच ठेवली तर साधारण १४ मिलिमीटर. ते १४ मिलिमीटर तुम्ही बॅटरीच्या पोटातून उसने घेताय. वाईच्या रस्त्यावर एक बेवारस गतिरोधक पुरे.

वकिली बाणा

तांत्रिक भागात पडत नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ वाचा. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमावाला पहिलं बोट तुमच्या नव्या शॉकअपवर ठेवेल. ८४ हजार कुठे नि क्लेम कुठे.

सुरूर फाटा

@वकिली बाणा, त्याच कलमाखालचं स्पष्टीकरण गाळलंत. "अल्टरेशन" म्हणजे गाडीच्या रचनेत असा बदल ज्याने तिचं मूलभूत वैशिष्ट्य बदलतं. शॉकअप हा झिजणारा भाग आहे, टायर आणि ब्रेक पॅडसारखा. त्याच जागी, त्याच मापाचा, वेगळ्या व्हॉल्व्हचा शॉकअप टाकला तर आरसीवरचा कुठला रकाना बदलला? गाडी सहा इंच उचलून मॉन्स्टर ट्रक केली तर गोष्ट वेगळी.

@चेसिसवाला, १४ मिलिमीटरने डोकं चक्रावलं. कोटेशन देणाऱ्याने हे सांगितलंच नव्हतं.

वकिली बाणा

तो युक्तिवाद कोर्टात चालेलही. पण तुम्हाला कोर्टात जायचंय की वाईला? विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि पोच ठेवा, एवढं तरी करा. बॅटरीची वॉरंटी बहुधा आठ वर्षं किंवा १.६ लाख किलोमीटर असेल. तिला सस्पेंशनमुळे सरसकट हात लावता येऊ नये, पण पॅकच्या तळाला पोचा पडलेला असेल आणि गाडी कंपनीच्या उंचीपेक्षा खाली असेल, तर काउंटरवरचा माणूस काय म्हणेल हे सांगायला वकील लागत नाही.

मऊभात

तुम्ही सगळे चुकीच्या टोकाला धरून बसलायत. गाडी कशाला बदलता, रस्ता बदला! इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी ९९ काय सांगतं? गतिरोधक ३.७ मीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच असावा, गोलाई १७ मीटर त्रिज्येची. ताशी २५ ने कुठलीही गाडी त्यावरून अलगद गेली पाहिजे. आमच्या सोसायटीसमोर सिमेंटची जी पालथी घमेली ठेवली आहेत ती कुठल्या मानकात बसतात? नागरिकाने स्वतःच्या खिशातून ८४ हजार घालून महापालिकेचं पाप झाकायचं, याला माझा तात्त्विक विरोध आहे.

सुरूर फाटा

तात्त्विक विरोध मान्य. रस्ता होईपर्यंत आईला काय सांगू?

पाटा-कमान

नमस्कार. आमचं गॅरेज हाय साताऱ्याजवळ, वडिलांच्या वेळंपासनं. टायपायला येळ लागतो, समजून घ्या.

सायेब, ४६ हजार किलोमीटर आपल्या रस्त्यावर म्हंजे कमी न्हाई. शॉकअपची ऑर्डर द्यायच्या आधी गाडी रॅम्पवर घ्या. खड्ड्यात "धप्प" आवाज येत आसंल तर शॉकअप बसलाय. बारीक खड्ड्यात "टक टक टक" आला तर लिंक रॉड. उभ्या जागी स्टिअरिंग वळवताना "कट्ट" करून स्प्रिंग उडाल्यागत वाटलं तर वरच्या माउंटचं बेअरिंग. आन् नुसताच दणका डायरेक बॉडीत येत आसंल तर लोअर आर्मचे (चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश बघा. ह्या इलेक्ट्रिक गाड्यास्नी बुश लवकर जात्यात. पिकअप एकदम, परत ॲक्सिलेटर सोडला की मोटर मागं वढती, बुश बिचारं दिवसभर पुढं-मागं रगडलं जातं. आमच्याकडं आलेल्या कैक गाड्यांत शॉकअप चांगलं आन् बुशाचा पार चोथा. चार-पाच हजारांत काम हुतं.

माझं मत इचारलंत तर स्प्रिंगला हात लावू नका. शॉकअप घाला, पण चारी एकदम. पुढचं नवं नि मागचं जुनं आसं केलं की गाडी खवळलेल्या बैलावानी मागनं उडती.

स्वस्तात मस्त

एवढी चर्चा कशाला? स्प्रिंगच्या वेटोळ्यात बसवायचे रबरी बफर मिळतात, दोन-अडीच हजारांत चार. मी माझ्या सीएनजी गाडीला घातले, मागे सिलिंडर आहे ना. गाडी बसायची थांबली, एकदम मस्त झाली. ईव्हीला पण चालतील.

चेसिसवाला

नका हो. बफर घातला की ते वेटोळं कामातून बाद होतं, म्हणजे उरलेली स्प्रिंग आणखी कडक. सीएनजीच्या वजनाने बसलेली गाडी उचलायला ती युक्ती ठीक. इथे मूळ तक्रारच कडकपणाची आहे. ताप आलेल्याला गोधडी पांघरण्यातला प्रकार.

@पाटा-कमान, बुशांबद्दल शंभर टक्के सहमत. हे मीच आधी लिहायला हवं होतं.

सॅन होजेकर

धाग्यात उडी मारतो. कॅलिफोर्नियात राहतो, इलेक्ट्रिक सेडान, रोजचा आय-८८०. अमेरिकेचे रस्ते म्हणजे लोणी असा समज असलेल्यांनी एकदा या महामार्गावर यावं. काँक्रीटच्या लाद्यांचे सांधे, प्रत्येक सांध्याला टप्, टप्, टप्. बायको त्या तालावर मुलाला पाढे म्हणायला लावते.

मी पूर्ण बदलाच्या बाजूने. अडीच हजार डॉलर घालून उंची आणि डॅम्पिंग (शॉकअपचा कडकपणा) दोन्ही बदलता येईल असा संच बसवला, दोन वर्षं झाली, एका पैचा पस्तावा नाही. आणि चेसिसवाल्यांच्या गणितात एक फट आहे. "मोकळी लांबी तीच ठेवली तर" या अटीवर सगळं उभं आहे. चांगले बनवणारे मऊ स्प्रिंगची मोकळी लांबी वाढवून देतात, उंची जशीच्या तशी राहते. बरं, कंपन्याच जर पहिल्या फटक्यात अचूक बसवत असतील तर २०२३ साली टेस्लाने मॉडेल ३ च्या नव्या अवतारात डॅम्पर, म्हणजे शॉकअपच, का बदलले? आधीच्या मॉडेलचे मालक वर्षानुवर्षं जे सांगत होते तेच शेवटी कारखान्यात झालं. मालकाने ते चार वर्षं आधी केलं की "छेडछाड", कंपनीने केलं की "सुधारणा".

चेसिसवाला

लांबीचा मुद्दा बरोबर, माघार. पण त्यालाही किंमत आहे: मऊ स्प्रिंग त्याच खड्ड्यात जास्त दबते, म्हणजे बंप स्टॉपवर लवकर आदळते. तुमच्या सांध्यांवर चालून जाईल, आमच्या खड्ड्यांत नाही.

टेस्लाचं उदाहरण मात्र माझ्या बाजूने मोजा. त्यांनी टाकले ते फ्रिक्वेन्सी सिलेक्टिव्ह प्रकारचे डॅम्पर. आपल्याकडे महिंद्राने २०२१ च्या एक्सयूव्ही ७०० मध्ये हेच तंत्र दिलं. आत तेलाला एक जादा वाट असते. बारीक, झटपट हादरे असतील तर ती उघडी राहते आणि शॉकअप सैल पडतो. वळणावर किंवा लांब हेलकाव्यात आत दाब साचून ती बंद होते आणि तोच शॉकअप ताठ होतो. म्हणजे कंबरेला मऊ, घाटाला कडक. तुमच्या मॉडेलसाठी असा शॉकअप खात्रीच्या ठिकाणी मिळत असेल तर माझा विरोध मी निम्मा मागे घेतो. उरलेला निम्मा स्प्रिंगांना.

सॅन होजेकर

निम्मा विरोध म्हणजे इंजिनिअरकडून मिळालेलं शुभमंगलच. :)

नाशिकची मोगरा

कोणीच टायरवर थांबत नाहीये, पुढे पळताय सगळे. माझीही इलेक्ट्रिक गाडी, वेगळी कंपनी, तक्रार हीच. मी शॉकअपला हात लावला नाही. चाकं १८ इंची होती ती १७ केली. २१५/५५ आर१८ च्या जागी २१५/६० आर१७. टायरची भिंत ११८ मिलिमीटरची १२९ झाली, बाहेरचा व्यास जवळपास तोच, फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास, त्यामुळे स्पीडोमीटर खोटं बोलत नाही. ११ मिलिमीटर जास्त हवा आणि रबर, तेही चारही कोपऱ्यांत. जुनी चाकं विकून निव्वळ तीस हजार गेले. मिस्टर म्हणाले गाडी म्हाताऱ्यांची दिसते. मी म्हटलं, आपण आता कोण आहोत?

दोन सावधगिरीच्या गोष्टी. ब्रेकचं कॅलिपर छोट्या रिममध्ये मावतं का, हे चाक प्रत्यक्ष चढवून बघा. आणि लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका, दुकानदार "चालतंय हो ताई" म्हणतो, ईव्हीला चालत नाही. वळणावर गाडी पूर्वीपेक्षा जरा आळसावली आहे, हेही प्रामाणिकपणे सांगते.

शिवाय फुकटातली गोष्ट: हवा किती भरता? दाराच्या खांबावर स्टिकर असतो. टायर थंड असताना मोजा, पंपावर पोचेपर्यंत तापलेला टायर तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो.

सुरूर फाटा

मोगराताई, घरचा छोटा पंप लावून सकाळी मोजली. ४०, ४०, ३९, ४१. स्टिकरवर ३३ आहे. पंपावरचा मुलगा "इलेक्ट्रिक हाय ना, चाळीस टाकतो, ॲव्हरेज वाढतंय" म्हणाला होता आणि मी मान डोलावली होती. साडेतीन वर्षं! कुणी हसू नका.

मऊभात

हसत नाही. फक्त नोंद करतो की यात महापालिकेचा दोष नव्हता, हे माझ्या बाजूने वाईट झालं.

पाटा-कमान

चाळीस हवा म्हंजे बैलगाडीचं लोखंडी चाक झालं की वं सायेब!

सुरूर फाटा

अपडेट. हवा ३३. शनिवारी गाडी रॅम्पवर घेतली. डाव्या लोअर आर्मचा मागचा बुश फाटलेला निघाला, उजवा त्या वाटेवर. दोन्ही बाजू बदलल्या, अलाइनमेंट केली, ७,२०० रुपये. शॉकअप कोरडे आहेत, तेल गळत नाही. आणि स्वतःहून एक गोष्ट केली: मोटरचं ब्रेकिंग, ते रीजेन, सगळ्यात वरच्या पातळीवर ठेवायचो, ते खालच्या पातळीवर आणलं. पाय उचलला की गाडी नाक खुपसायची आणि आई पुढे झुकायची, याचा दोष मी इतके दिवस सस्पेंशनला देत होतो.

रविवारी वाईला जाऊन आलो. सुरूर फाट्यापासून आत तिचा हात हँडलला नव्हता. कमरेवर मात्र होता. विचारलं तर म्हणाली, "बरंय. पण अँबॅसिडर ती अँबॅसिडर."

तरी मत बदललेलं नाही. स्प्रिंगांचा नाद सोडला, चेसिसवाल्यांना श्रेय. पण बारीक ठिगळांचा चरचरीतपणा अजून आहे, थोडा कमी एवढंच. चांगला शॉकअप मिळाला तर टाकणार. आधी टाकले असते तर फाटक्या बुशांवर नवे शॉकअप बसले असते आणि मी इथे येऊन शॉकअपवाल्याला शिव्या घातल्या असत्या.

वकिली बाणा

पोच. विमा कंपनीची पोच. विसरू नका.

चेसिसवाला

अवांतर: अँबॅसिडरला पुढे टॉर्शन बार आणि मागे पाट्यांची कमान होती, जाड सोफ्यासारखी सीट आणि उंच भिंतीचे टायर. वळणावर ती कशी झुकायची हे आई सांगणार नाहीत, कारण त्या काळी गाडी साठच्या पुढे जातच नव्हती. शॉकअप बदलायची घाई करू नका. हे टायर झिजले की मोगराताईंचा उपाय करा आणि महिनाभर चालवून मग ठरवा. दोन्ही एकदम केलं तर कशाने फरक पडला हे कधीच कळणार नाही.

सॅन होजेकर

असहमत. महिनाभर, मग टायर, मग पुन्हा महिनाभर. माणूस ७१ वर्षांचा आहे, प्रयोगशाळा नाही. पैसे असतील तर आत्ता टाका.

नाशिकची मोगरा

एक विचारू का? इतक्या प्रतिसादांत कुणीच विचारलं नाही. आई बसतात कुठे?

सुरूर फाटा

मागे. डाव्या बाजूला.

नाशिकची मोगरा

अहो, मागची सीट जवळजवळ मागच्या चाकांवरच असते! पुढे बसवा ना त्यांना, दोन्ही चाकांच्या मधोमध. तिथे दणका नक्कीच कमी.

सुरूर फाटा

ताई, एकदा बसवलं होतं पुढे. खंबाटकीच्या प्रत्येक वळणावर माझ्या आधी ती ब्रेक दाबते. तिच्या बाजूचं मॅट फाटलंय.